अमेरिकन यादवींतील दोन आरमारी विद्यालयें

अमेरिकेंतील उत्तर व दक्षिण संस्थानांमध्यें १८६१ पासून १८६५ पर्यंत जें यादवी युद्ध झालें, त्याची ओळख महाराष्ट्रीय वाचकांस बहुधा मुंबईच्या कापूसबाजारामुळें झालेली असते. दक्षिणेचीं बंदरें उत्तरेच्या आरमारानें कोंडल्यामुळें लँकेशायरच्या गिरण्यांस अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, मुंबईच्या मालास सोन्याचा भाव आला, आणि १८६५ सालीं युद्ध संपतांच तो डोलारा कोसळून कित्येक पेढ्या बुडाल्या. ज्या तरुण अंमलदारांनीं ही कोंडी घातली, आणि दुसऱ्या बाजूचे जे तरुण ती फोडण्यासाठीं जिवावर उदार झाले, त्यांपैकीं पुष्कळजण एकाच विद्यालयांत, एकाच बाकावर बसून शिकलेले होते. ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानांत नाहीं.

या विद्यार्थ्यांच्या परस्परसख्याविषयीं पुढें जीं आठवणींचीं पुस्तकें निघालीं, त्यांतून एक मोठें हृद्य चित्र रेखाटलेलें आढळतें. देश दुभंगला, राज्यें दुभंगलीं, परंतु विद्यार्थ्यांचा स्नेह अभंग राहिला, असा त्याचा मथितार्थ आहे. हें चित्र कितपत खरें, आणि त्यांत काय रंगविलें व काय गाळलें आहे, हें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय. बखर व अस्सल पत्र यांतील भेद या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. तोच निकष येथें लावावयाचा आहे.

१. मूळ विद्यालय

मेरीलँड संस्थानांत सेव्हर्न नदीच्या मुखाशीं अ‍ॅनापोलिस नांवाचें जुनें शहर आहे. तेथें १८४५ सालीं संयुक्त संस्थानांच्या आरमारी विद्यालयाची स्थापना झाली. त्याचे पहिले अधीक्षक फ्रँकलिन बुकॅनन हे होत. तत्पूर्वीं आरमारांत शिरणारा मुलगा बहुधा थेट जहाजावरच जाई, आणि तेथें जें अंगवळणीं पडेल तेंच त्याचें शिक्षण. विद्यालय निघाल्यावर गणित, नौकानयन, तोफांची विद्या व परभाषा यांचा क्रमवार अभ्यास सुरू झाला. या विद्यार्थ्यांस मिडशिपमन अशी संज्ञा असे. त्यांच्या जागा काँग्रेसमधील प्रतिनिधींच्या मतदारसंघांप्रमाणें वांटून दिलेल्या असत. त्यामुळें मॅसॅच्युसेट्सचा मुलगा व मिसिसिपीचा मुलगा एका खोलींत राहावा, एका पंगतीस बसावा व एका डोलकाठीवर चढावा, हा योग तेथें सहजच येई. राष्ट्राचें ऐक्य जर कोठें प्रत्यक्ष नांदत असेल, तर तें अशा ठिकाणीं.

१८६० च्या नोव्हेंबरांत अब्राहाम लिंकन यांची अध्यक्षपदीं निवड झाली. गुलामगिरीचा विस्तार यापुढें होऊं द्यावयाचा कीं नाहीं, या मुख्य प्रश्नावरून ता. २० डिसेंबर रोजीं साउथ कॅरोलिना हें संस्थान संघराज्यांतून बाहेर पडलें व मागोमाग इतरहि निघालीं. त्यासरशीं विद्यालयांत राजीनाम्यांची पत्रें येऊं लागलीं. मुलगा सोळासतरा वर्षांचा. निर्णय पुष्कळदां बापाचा वा संस्थानाचा. रॉब्ले एव्हन्स या विद्यार्थ्याची हकीकत या दृष्टीनें बोलकी आहे. त्याचें घराणें व्हर्जिनियांतील; भाऊ दक्षिणेच्या सैन्यांत गेला. आईनें मुलाच्या नकळत त्याचा राजीनामा परस्पर पाठवून दिला व तो मंजूरहि झाला. मुलानें खटपट करून आपलें नांव पुन्हां दाखल करून घेतलें व तो उत्तरेकडेच राहिला. पुढें तो आरमारांत मोठ्या हुद्द्यास चढला.

दक्षिणेकडील एक विद्यार्थी विद्यालय सोडून निघाला तेव्हां वर्गबंधूंनीं त्यास खांद्यावर घेऊन गात गात दरवाजापर्यंत पोंचविलें. वाटेंत अंमलदारानें हटकलें असतां, ‘आम्ही आमच्या सोबत्यास निरोप देत आहों,’ एवढेंच उत्तर मुलांनीं दिलें, आणि त्यांस पुढें जाऊं देण्यांत आलें, अशी हकीकत परंपरेनें चालत आली आहे.

२. ताटातूट

ता. १२ एप्रिल १८६१ रोजीं चार्ल्स्टन बंदरांतील फोर्ट समटरवर तोफा सुटल्या. मेरीलँड संस्थान दोलायमान होतें, आणि अ‍ॅनापोलिसच्या नदींत विद्यालयाचें शाळाजहाज म्हणून ‘कॉन्स्टिट्यूशन’ हें जुनें शिडाचें लढाऊ जहाज नांगरलेलें होतें. हें जहाज १७९७ सालीं पाण्यांत उतरलेलें असून १८१२ च्या युद्धापासून राष्ट्रांत पूज्य मानलें जाई. तें दक्षिणेच्या हातीं पडेल या भीतीनें अधीक्षक जॉर्ज ब्लेक यांची झोंप उडाली होती. ता. २१ एप्रिल रोजीं सेनापति बटलर मॅसॅच्युसेट्सची पलटण घेऊन आगबोटीनें येऊन पोंचले व त्यांच्या साह्यानें जहाज खोल पाण्यांत नेण्यांत आलें.

ता. २४ रोजीं नगारा वाजला व विद्यार्थी अखेरचे रांगेंत उभे राहिले. विद्यार्थ्यांवरील मुख्य अंमलदार रॉजर्स यांनीं त्यांस संघराज्याशीं एकनिष्ठ राहण्याविषयीं चार शब्द सांगितले. सांगतां सांगतां त्यांचाच कंठ दाटून आला. मग जे दक्षिणेकडे जावयाचे होते ते रांगेंतून बाजूस झाले, एकमेकांस आलिंगनें दिलीं गेलीं, आणि उरलेले जहाजाकडे निघाले. सर्वांत वरच्या वर्गानें त्या दिवशीं शांततेची चिलीम आळीपाळीनें ओढून, आपल्यांपैकीं कोणी जखमी होऊन वा कैद होऊन प्रतिपक्षाच्या हातीं सांपडल्यास त्याची काळजी घ्यावयाची असें परस्परांस वचन दिलें, असें सांगण्यांत येतें. ज्या चित्राचा वर उल्लेख केला त्याचा गाभा हाच प्रसंग होय.

३. न्यूपोर्ट

‘कॉन्स्टिट्यूशन’ जहाज न्यूयॉर्कवरून मे महिन्यांत ऱ्होड आयलंड संस्थानांतील न्यूपोर्ट बंदरीं गेलें, आणि विद्यालय युद्ध संपेपर्यंत तेथेंच राहिलें. अ‍ॅनापोलिसच्या इमारतींत सैन्याचें रुग्णालय थाटलें गेलें. आरमारास माणसांची निकड एवढी होती कीं, वरच्या तीन वर्गांतील विद्यार्थ्यांस अभ्यासक्रम पुरा होण्यापूर्वींच लढाऊ जहाजांवर पाठविण्यांत आलें. मागें उरलीं तीं सर्वांत खालच्या वर्गांतील मुलें. वर्गच्या वर्ग असा एकाएकीं नाहींसा झाल्यानें, थोरल्यांनीं धाकट्यांस वळण लावावें ही जी शाळेची रीत, तिचा धागाच तुटला.

वरच्या वर्गांसाठीं शहरांतील अटलांटिक हाऊस नांवाचें हॉटेल भाड्यानें घेतलें होतें. नव्या मुलांचा मुक्काम गोट बेटालगत नांगरलेल्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ व पुढें ‘सँटी’ या जहाजांवर असे. तेथेंच अभ्यास, तेथेंच जेवण, आणि रात्रीं तेथेंच झोळ्या टांगून निजावयाचें. बाहेरच्या जगांत त्यांचेच दोन वर्षांनीं वडील असलेले सोबती तोफांखालीं उभे आहेत, आणि आपण येथें त्रिकोणमिति घोकीत आहों, हें शल्य मुलांस बोंचत असणार यांत नवल नाहीं. उन्हाळ्यांत शिक्षणासाठीं सफरी होत. १८६३ सालीं स्टीफन ल्यूस यांच्या हुकमतीखालीं ‘मॅसिडोनियन’ जहाज विद्यार्थ्यांस घेऊन युरोपपर्यंत जाऊन आलें. त्याच जहाजावर अल्फ्रेड थायर मॅहन हे तरुण अंमलदार होते. त्यांचें नांव पुढें पुन्हां येणार आहे.

४. जेम्स नदीवरील विद्यालय

दक्षिणेच्या सरकारासहि आरमारी अंमलदार हवे होते, परंतु शाळा नव्हती. ‘पॅट्रिक हेन्री’ नांवाची एक चाकांची आगबोट त्यांच्यापाशीं होती. ती मूळची ‘यॉर्कटाउन’ नांवाची उतारूंची बोट. तोफा चढवून ती मार्च १८६२ मध्यें हॅम्पटन रोड्सच्या लढाईंत उतरली होती. या बोटीचें शाळाजहाज करण्यांत आलें, आणि १८६३ च्या शरदृतूंत रिचमंड राजधानीच्या खालच्या अंगास, जेम्स नदीवर ड्रूरीज ब्लफ येथें, तिच्यावर विद्यालय सुरू झालें. अधीक्षक नेमले ते विल्यम हार्वर पार्कर. हे अ‍ॅनापोलिसचे जुने अध्यापक. १८६१ पर्यंत ते त्याच विद्यालयांत शिकवीत होते. त्यामुळें वर्गांची मांडणी, परीक्षा व शिस्त हीं सर्व जुन्या शाळेच्या धर्तीवरच बसविलीं गेलीं. जें राज्य मोडावयास निघाले, त्याच राज्याच्या शाळेची नक्कल त्यांनीं आपल्या नदींत उभी केली.

दोन चाकांच्या मधल्या जागेंत वरच्या तक्तपोशीवर दोन लहानशा खोल्या बांधल्या होत्या, तेच वर्ग. जागा अपुरी, अन्न निकृष्ट. खारवलेलें डुकराचें मांस, कडक बिस्किटें व कॉफीच्या नांवाखालीं भलताच काढा. नदीकांठच्या हिवतापानें मुलें एकामागून एक रुग्णालयांत जात. १८६४ च्या उन्हाळ्यापासून ग्रँटचें सैन्य पीटर्सबर्गपाशीं येऊन ठेपलें, तेव्हां तोफांचा गडगडाट ऐकत धडे म्हणावे लागत, आणि धडा अर्धवट टाकून मुलांची टोळी कांठावरील मोर्चावर वा लढाऊ बोटीवर रवाना होई. न्यूपोर्टच्या मुलांस युद्ध दूर असल्याचें दुःख होतें; येथें युद्ध वर्गाच्या खिडकीशींच होतें.

५. दोन ग्रंथ व दोन बंधु

जुन्या पुस्तकांचा संग्रह करणाऱ्यांस रुचेल अशी एक गोष्ट येथें नमूद करतों. १८६३ सालीं न्यूपोर्ट येथें ल्यूस यांनीं विद्यालयासाठीं नौकाविद्येवर पाठ्यपुस्तक छापलें. १८६४ सालीं रिचमंड येथें पार्कर यांनीं आपल्या विद्यार्थ्यांसाठीं त्याच विषयावर पाठ्यपुस्तक छापलें. शीड कसें आंवळावें, नांगर कसा टाकावा, वादळांत जहाज कसें सांभाळावें, ही विद्या दोहों पक्षांस सारखीच लागे. एकाच गुरुकुलाच्या या दोन शाखा; एकमेकांचीं जहाजें बुडविण्यासाठीं त्या आपापल्या मुलांस तींच सूत्रें शिकवीत होत्या.

पार्कर यांचे सख्खे बंधु फॉक्सहॉल पार्कर हे उत्तरेच्या आरमारांत राहिले आणि १८६३ च्या अखेरीपासून पोटोमॅक नदीवरील आरमारी तुकडीचे अधिपति झाले. म्हणजे एक भाऊ जेम्स नदीवर मुलांस शिकवीत आहे, तर दुसरा शेजारच्याच नदीवर दक्षिणेची वाट रोखून आहे. पुढें १८७८ सालीं हेच फॉक्सहॉल अ‍ॅनापोलिसच्या विद्यालयाचे अधीक्षक झाले व दुसऱ्या वर्षीं तेथेंच वारले. त्या काळांत विल्यम हे त्याच मेरीलँड संस्थानांतील शेतकी महाविद्यालयाचे प्रमुख होते.

६. स्नेहाची कसोटी

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. हा स्नेह रणांत कितपत टिकला? ता. ८ मार्च १८६२ रोजीं हॅम्पटन रोड्स येथें दक्षिणेच्या ‘व्हर्जिनिया’ या चिलखती जहाजानें उत्तरेच्या ‘काँग्रेस’ जहाजाचा विध्वंस केला. ‘व्हर्जिनिया’चे अधिपति होते फ्रँकलिन बुकॅनन, अ‍ॅनापोलिसचे तेच पहिले अधीक्षक, आणि ‘काँग्रेस’वर खजिनदार होते त्यांचे सख्खे बंधु मॅकीन बुकॅनन. सुदैवानें ते वांचले. जेथें रक्ताच्या नात्यानें तोफेची बत्ती थांबली नाहीं, तेथें वर्गाच्या नात्यानें ती थांबावी ही अपेक्षाच व्यर्थ होय.

ता. २ फेब्रुवारी १८६४ च्या मध्यरात्रीनंतर नॉर्थ कॅरोलिनांतील न्यू बर्न येथें दक्षिणेच्या नाविकांनीं होड्यांतून जाऊन ‘अंडररायटर’ ही उत्तरेची बोट हातघाईनें जिंकली व जाळून टाकली. मोहिमेचे नायक जॉन टेलर वुड हेहि अ‍ॅनापोलिसचे माजी अध्यापक. या झटापटींत पामर सॉन्डर्स हा मिडशिपमन तरवारीच्या घावानें पडला. मोहिमेंत असलेल्या तरुणांपैकीं टॉमस शार्फ यानें पुढें १८८७ सालीं दक्षिणेच्या आरमाराचा मोठा इतिहास लिहिला. जून १८६३ मध्यें चार्ल्स रीड यानें न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यापर्यंत धडक मारून वीसांहून अधिक जहाजें पकडलीं. तो अ‍ॅनापोलिसच्या १८६० च्या वर्गांतील अगदीं शेवटच्या क्रमांकाचा विद्यार्थी. आणि ज्या किनाऱ्यावर त्यानें हा धुमाकूळ घातला त्याच किनाऱ्यावर त्याचें जुनें विद्यालय त्या वेळीं वस्तीस होतें.

ज्यास निर्भेळ स्नेह म्हणावा त्याचें उदाहरण एकाच पक्षांतील दोघां मित्रांत सांपडतें. सॅम्युएल प्रेस्टन हा आपल्या वर्गांतील पहिला. बेंजामिन पोर्टर हा त्याचा सोबती. सप्टेंबर १८६३ मध्यें फोर्ट समटरवरील रात्रींच्या हल्ल्यांत दोघेहि पकडले गेले, दोघांनींहि दक्षिणेच्या तुरुंगांत दीर्घ काळ काढला, सुटून दोघेहि पुन्हां जहाजांवर रुजू झाले, आणि ता. १५ जानेवारी १८६५ रोजीं फोर्ट फिशर या किल्ल्यावरील हल्ल्यांत दोघेहि ठार झाले. सुमारें दोन हजार खलाशी व सागरी शिपाई त्या दिवशीं तरवारी व पिस्तुलें घेऊन वाळूच्या तटावर धांवले होते. आईच्या राजीनाम्यास न जुमानणारा एव्हन्स याच तटाखालीं जबर जखमी झाला.

७. खजिन्याची राखण

ता. २ एप्रिल १८६५ रोजीं रविवारीं रिचमंड सोडण्याचा हुकूम सुटला. पार्कर यांस आज्ञा झाली कीं, विद्यार्थ्यांसह सायंकाळीं डॅनव्हिलच्या रेल्वेस्थानकावर हजर व्हावें. तेथें गेल्यावर त्यांच्या स्वाधीन सरकारचा खजिना करण्यांत आला. पार्कर यांच्या अंदाजानें सोनें, चांदी व नाणें मिळून तो सुमारें पांच लक्ष डॉलरांचा होता. राखणीस सुमारें साठ विद्यार्थी. मागें ठेवलेल्या मुलांनीं त्याच रात्रीं ‘पॅट्रिक हेन्री’स आग लावली, आणि विद्यालयाची वास्तु नदींतच जळून गेली.

पुढील महिनाभर हीं पोरें तो खजिना घेऊन फिरत होतीं. डॅनव्हिल, ग्रीन्सबरो, शार्लट. तेथून अध्यक्ष डेव्हिस यांच्या पत्नीस सोबत घेऊन साउथ कॅरोलिनांत. रेल्वे तुटली तेथें गाड्यांवर लादून, चिखलांतून पायीं चालत अ‍ॅबेव्हिल, जॉर्जियांतील वॉशिंग्टन व ऑगस्टा, आणि पुन्हां परत अ‍ॅबेव्हिल. ता. ९ एप्रिल रोजीं ली यांनीं शरणागति पत्करली. सैनिक फौजा सोडून घरोघर निघाले. वाटेवर लुटालुटीची धास्ती होती. सरकार उरलें नाहीं, पगार उरला नाहीं, शाळा उरली नाहीं; तरी साठ मुलांच्या त्या टोळीनें पहारा सोडला नाहीं. अ‍ॅबेव्हिल येथें खजिना पुढील अंमलदारांच्या स्वाधीन करण्यांत आला व ता. २ मे रोजीं विद्यार्थ्यांस निरोप देण्यांत आला. ज्या सत्तेसाठीं ते राबले तिचा पाया गुलामगिरीवर होता, आणि ती लयास गेली हें योग्यच झालें. परंतु संवगड्यांच्या धरबंधानें पोरवयाच्या माणसांकडून काय घडतें, याचा हा दाखला नाकारतां येत नाहीं.

८. साधनांचा विचार

दक्षिणेच्या आरमारखात्याचीं पुष्कळ दप्तरें १८६५ च्या धामधुमींत नष्ट झालीं. उत्तरेच्या सरकारनें दोन्ही पक्षांचे उपलब्ध आरमारी कागद गोळा करून १८९४ ते १९२२ पर्यंत तीस खंडांत छापले, हें काम कोणत्याहि इतिहासमंडळानें पुढें ठेवावें असें आहे. परंतु सरकारी कागदांत हुकूम व अहवाल सांपडतात, विद्यार्थ्यांचें अंतरंग सांपडत नाहीं. त्यासाठीं आठवणींच्या पुस्तकांकडे वळावें लागतें. पार्कर यांच्या आठवणी १८८३ च्या, एव्हन्स यांच्या १९०१ च्या, आणि जेम्स मॉर्गन या दक्षिणेकडील विद्यार्थ्याच्या तर १९१७ च्या. म्हणजे घटनेनंतर अठरा ते छपन्न वर्षांनीं, जुनीं वैरें शमल्यावर व समेटाचे वारे वाहूं लागल्यावर हें लेखन झालें. तें खोटें नव्हे. पण संध्याकाळच्या उन्हासारखें तें सर्व वस्तूंस एकच सोनेरी रंग देतें.

याउलट एक अस्सल साधन आहे. मॅहन हे १८५९ च्या वर्गांतील विद्यार्थी. त्यांचा जिवलग मित्र नॉर्थ कॅरोलिनाचा सॅम्युएल अ‍ॅश हा १८५८ सालीं विद्यालय सोडून घरीं गेला. त्यास मॅहन यांनीं १८५८-५९ मध्यें जीं पत्रें लिहिलीं, तीं ड्यूक विद्यापीठाच्या ग्रंथालयानें १९३१ सालीं प्रसिद्ध केलीं. त्यांत वर्गबंधुत्वाचें निराळेंच दर्शन होतें. वरच्या वर्गानें आपसांतील आगळीक वर कळवूं नये, असा तेथें रिवाज होता. मॅहन यांनीं कर्तव्य म्हणून तो मोडला; तेव्हां वर्गांतील पुष्कळांनीं त्यांच्याशीं बोलणेंच टाकलें. जें सख्य आठवणींत अभंग दिसतें, त्याच्या पोटीं असें वाळींत टाकणेंहि होतें.

पण याच पत्रांनीं दुसऱ्या अंगानें स्नेहाची साक्षहि दिली आहे. युद्धांत अ‍ॅश दक्षिणेच्या सैन्यांत कॅप्टन झाला व मॅहन उत्तरेच्या आरमारांत राहिले. तरी पत्रें अ‍ॅशनें जपून ठेवलीं. त्याचें राज्य बुडालें, पण शत्रुपक्षाकडील मित्राचे कागद त्यानें टाकले नाहींत. तो पुढें आपल्या संस्थानाचा इतिहासकार झाला व १९३८ सालीं वारला. मॅहन यांनीं १८९० सालीं सागरी सत्तेवरील ग्रंथ लिहून जगभर कीर्ति मिळविली. दोघांचा स्नेह युद्धानंतरहि टिकला. चिलमीच्या गोष्टीस परंपरेचा आधार आहे. या मैत्रीस कागदाचा आहे.

९. समारोप

या सख्याची मर्यादाहि सांगितली पाहिजे, कारण आठवणींच्या पुस्तकांत ती बहुधा गाळलेली असते. १८६५ सालीं विद्यालय अ‍ॅनापोलिसला परतलें. १८७२ सालीं साउथ कॅरोलिनांतून जेम्स कॉन्यर्स नांवाचा कृष्णवर्णी विद्यार्थी तेथें दाखल झाला; त्या विद्यालयांत प्रवेश मिळालेला त्या वर्णाचा तो पहिलाच. सोबत्यांनीं त्याचा असा छळ केला व त्यास असें एकटें पाडलें कीं, पुढच्या वर्षीं तो निघून गेला. त्या वर्णाचा पहिला पदवीधर वेस्ली ब्राउन तेथून बाहेर पडावयास १९४९ साल उजाडावें लागलें. राष्ट्रावर तोफा डागणाऱ्या वर्गबंधूस खांद्यावर घेऊन पोंचविणारी शाळा, राष्ट्राचीच सेवा करूं इच्छिणाऱ्या या मुलास पंगतींत घेऊं शकली नाहीं. वर्गबंधुत्वानें शत्रुत्वाची भिंत ओलांडली, वर्णाची ओलांडली नाहीं.

तेव्हां निष्कर्ष असा. अ‍ॅनापोलिसच्या विद्यार्थ्यांचा स्नेह खरा होता. परंतु त्यानें एकहि तोफ थांबविली नाहीं, आणि तो सर्वांसाठीं खुलाहि नव्हता. त्याचें खरें कार्य दोन ठिकाणीं दिसतें. एक, संकटांत एकमेकांचा हात न सोडण्यांत, मग तो फोर्ट फिशरचा तट असो वा अ‍ॅबेव्हिलची चिखलाची वाट असो. आणि दुसरें, मित्राचे कागद जपून ठेवण्यांत. पहिल्याचें फळ त्या पिढीबरोबर संपलें. दुसऱ्याचें फळ आज आपल्या हातीं आहे. कोणाच्या घरीं माळ्यावर अशीं तरुणपणचीं पत्रें बांधून ठेवलेलीं असतील, तर तीं सामान्य माणसाचीं म्हणून अग्नीस देऊं नयेत, एवढीच विनंती. इत्यलम्.